चेहरा कुणासमोर?

(कोल्हापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह होता. विज्ञान मराठीतून सांगावं, आणि मराठीत सांगायचं म्हणून ते पातळ करू नये. आज तो आग्रह पाळायचा प्रयत्न करतो. विषय आहे चेहऱ्यावरचे भाव. हसू, राग, भीती, किळस हे सगळं आपल्या चेहऱ्यावर आलं कुठून? माकडांच्या, वानरांच्या, चिंपांझींच्या चेहऱ्याशी त्याचं नातं काय? आणि समोरच्याचा चेहरा आपल्याला वाचता येतो असं आपण जे धरून चालतो, त्यात तथ्य किती?

हा विषय या गावात मांडताना मला आनंद होतो, कारण चेहऱ्याच्या भरवशावर कला उभी करणारी माणसं कोल्हापुरानं देशाला दिली. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात कर्जापायी जमीन गमावणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला होता. पडदा मुका होता. शेतकऱ्याचं दुःख आणि सावकाराचा कावा, दोन्ही प्रेक्षकांपर्यंत पोचवायचे ते डोळ्यांनी, भुवयांनी, ओठांनी आणि मधूनमधून येणाऱ्या पाट्यांनी. देशातल्या वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना ते चेहरे कळत होते. ते का कळत होते, याचं उत्तर फार जुन्या काळात सापडतं. कोल्हापूर वसलं त्याच्या आधीच्या, माणूस माणूस झाला त्याच्याही आधीच्या काळात.

सुरुवात शरीरापासून करू. अंगातले बहुतेक स्नायू एका हाडापासून निघतात आणि दुसऱ्या हाडाला जाऊन मिळतात. ते आखडले की सांधा हलतो. चेहऱ्याचे स्नायू तसे नाहीत. ते कवटीच्या हाडापासून निघतात आणि थेट कातडीत शिरतात. ते आखडले की कातडी ओढली जाते, ओठाचा कोपरा वर चढतो, कपाळाला आठ्या पडतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी असते. तिच्या अंगावर माशी बसली की नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कातडी हलवणारे असे स्नायू सस्तन प्राण्यांत सर्वत्र आढळतात. आपल्या पाठीवरचे जवळजवळ नाहीसे झाले. मानेवरचा राहिला, दाढी करताना मान ताणली की त्याचे पट्टे दिसतात. चेहऱ्यावरचे मात्र राहिले, आणि त्यांच्या बारीक बारीक फांद्या झाल्या.

या सगळ्यांचा कारभार एकाच मज्जातंतूकडे आहे, मेंदूतून निघणाऱ्या सातव्या. तो कानाखालून कवटीबाहेर येतो, लाळेच्या मोठ्या ग्रंथीतून जाताना त्याला पाच शाखा फुटतात आणि त्या चेहऱ्यावर पसरतात. गर्भात हे स्नायू कल्ल्यांच्या दुसऱ्या कमानीपासून घडतात. माशांमध्ये त्याच कमानीचे स्नायू कल्ल्यांची झाकणं उघडमीट करतात. म्हणजे आपण ज्याने हसतो त्या यंत्रणेचं मूळ काम श्वास आणि पाणी यांच्याशी जोडलेलं होतं.

मग चेहरा बोलका कधी झाला? आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलांत लोरिस नावाचा रात्री फिरणारा छोटा प्राणी आहे. तोही आपल्याच प्रायमेट गणातला. त्याचं नाक कुत्र्यासारखं ओलं असतं आणि वरचा ओठ हिरडीला बांधलेला असतो. रात्रीच्या अंधारात वास महत्त्वाचा, चेहरा कोण बघणार? माकडं आणि चिंपांझीसारखे कपी यांच्यात नाक कोरडं झालं, वरचा ओठ सुटला, चेहऱ्यावरचे केस विरळ झाले, आणि जगणं दिवसाउजेडी, कळपात आलं. मोठ्या कळपात राहणाऱ्या जातींचे चेहरे जास्त हालचाली करतात असं तुलनेतून दिसून आलं आहे. अंगाने मोठ्या असणाऱ्या जातींचंही तसंच आहे. चिंपांझीच्या चेहऱ्याचं विच्छेदन केलं तेव्हा आपले जवळजवळ सगळे स्नायू तिथं सापडले.

हे महत्त्वाचं अशासाठी की चेहऱ्याचा अभ्यास करणारे सर चार्ल्स बेल नावाचे थोर ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ याच्या उलट मानत होते. तोंड वाकडं होण्याच्या आजाराला ज्यांचं नाव आहे तेच हे बेल. भाव व्यक्त करण्यासाठी काही खास स्नायू ईश्वराने फक्त माणसाला दिले, असं त्यांचं मत होतं. डार्विनला ते पटलं नाही. १८७२ साली त्याने माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर एक स्वतंत्र ग्रंथ काढला. छायाचित्रं छापलेल्या पहिल्या काही विज्ञानग्रंथांत त्याची गणना होते. त्या ग्रंथाकडे आपण थोड्या वेळाने वळू, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा एक उल्लेख आहे आणि माझ्या मते तो सबंध ग्रंथातला सर्वांत विचार करायला लावणारा उल्लेख आहे.

त्याआधी आंबोली घाटात जाऊ. तुमच्यातले बरेच जण पावसाळ्यात तिकडे जातात. धबधब्याजवळच्या कठड्यावर माकडं बसलेली असतात. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखा केसांचा भोवरा, लांब शेपूट, उघडा गुलाबट-तपकिरी चेहरा. इंग्रजीत त्याला बॉनेट मकाक म्हणतात, आपण टोपीमाकड म्हणू. दक्षिण भारताबाहेर ते रानात कुठेही नाही. काळ्या तोंडाचा वानर वेगळा, उत्तरेकडचं आखूड शेपटीचं लाल तोंडाचं ऱ्हीसस माकड वेगळं.

कठड्यावरच्या या माकडांकडे खाऊ न देता नुसतं पाहत उभं राहिलं तर काय दिसतं? एक मोठा नर दुसऱ्याकडे रोखून बघतो. भुवया झटकन वर जातात, पापण्यांची फिकट कातडी चमकते, तोंड गोल उघडतं, पण दात फारसे दिसत नाहीत. ही धमकी. समोरचा बारका नर लगेच ओठ मागे खेचतो, दोन्ही दंतपंक्ती उघड्या पडतात, आवाज काही नाही. आपण म्हणतो दात विचकले. हे धमकावणं नव्हे. ‘मी लहान, मला मारू नकोस’ असा त्याचा अर्थ असतो. तिकडे एक मादी दुसरीच्या पिल्लाजवळ जाते, तेव्हा तिचे ओठ भराभर चटचट करतात. ती मैत्रीची खूण. ऱ्हीसस माकडांत ही चटचट मोजली गेली आहे. तिचा वेग सेकंदाला पाचच्या आसपास पडतो, आणि माणूस बोलताना तोंडाची उघडमीट साधारण याच वेगाने करतो. बोलण्याचा ठेका ओठांच्या या चटचटीतून आला असावा असं काही संशोधक मानतात. मला ते पटण्याजोगं वाटतं.

आता याच घाटात एखादा पोरगा येतो, माकडाच्या डोळ्यांत डोळे घालतो आणि कौतुकाने तोंड भरून हसतो. माकडाला काय दिसतं? रोखलेली नजर आणि उघडे दात. एक खूण दम देण्याची, दुसरी शरण जाण्याची. अशा गोंधळात भरीला त्या पोराच्या हातात केळं असतं. चाव्याचे कितीतरी प्रसंग इथून सुरू होतात. घाटात गेलात तर रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका आणि खायला तर अजिबात घालू नका. हे प्राणिशास्त्राच्या एका जुन्या शिक्षकाचं सांगणं समजा.

दात विचकण्यातून हसू आलं का? डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ यान फान होफ यांनी १९७२ साली याचं उत्तर मांडलं, आणि ते मोठ्या प्रमाणात टिकलं आहे. त्यांच्या मते आपल्या स्मिताचं आणि आपल्या खळखळून हसण्याचं मूळ वेगवेगळं आहे. स्मित आलं ते माकडांच्या मूकपणे दात दाखवण्यातून. खळखळाट आला तो खेळातल्या चेहऱ्यातून. माकडांची पिल्लं कुस्ती खेळताना तोंड सैल उघडं ठेवतात, चावल्यासारखं करतात पण चावत नाहीत. चिंपांझीच्या पिल्लाला गुदगुल्या केल्या तर याच चेहऱ्याबरोबर धापा टाकल्यासारखा आवाज येतो. २००९ मध्ये ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणसाची बाळं यांच्या गुदगुल्यांच्या आवाजांची तुलना झाली, आणि आवाजांतल्या साम्यावरून जो वंशवृक्ष निघाला तो या जातींच्या ठाऊक असलेल्या वंशवृक्षाशी जुळला. आपलं हसणं आपल्यापेक्षा कितीतरी जुनं आहे.

पण इथे थांबून एका गोष्टीकडे नीट पाहिलं पाहिजे. दात दाखवण्याचा अर्थ सगळ्या माकडांत सारखा नाही. ऱ्हीसस माकडांची उतरंड फार कडक असते. तिथे दात दाखवतो तो खालचा, वरच्याला. उलटं जवळजवळ कधीच होत नाही. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचं टोंकियन माकड बघा. त्यांच्यात उतरंड सैल आहे, भांडणानंतर तडजोड लवकर होते. तिथे दोन्ही बाजू दात दाखवतात, जवळ येण्याआधी, मिठी मारण्याआधी. आणि हा चेहरा खेळाच्या चेहऱ्यात मिसळून जातो. स्नायू तेच, चेहरा तोच. बदललं ते दोघांमधलं नातं. फ्रेंच संशोधक बर्नार्ड तिएरी यांनी मकाक गटातल्या या सगळ्या जातींची कडक ते सैल अशी १ ते ४ श्रेणींत मांडणी केली. त्यात ऱ्हीसस पहिल्या श्रेणीत, टोंकियन चौथ्या आणि आपलं आंबोलीचं टोपीमाकड तिसऱ्या श्रेणीत बसतं. टोपीमाकडाचे मोठे नर एकमेकांना बिलगून बसतात, खेळतातही. ऱ्हीसस नरांत हे दृश्य विरळा.

मला आज जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. चेहऱ्यावरचा भाव म्हणजे आत पेटलेल्या भावनेचा बाहेर पडलेला धूर, असं आपण समजतो. उत्क्रांतीने दाखवलं ते निराळं आहे. कुणी पाहणारं नसतं तर चेहरा इतका बोलका होण्याचं कारणच नव्हतं. भाव कुणासमोर उमटतो, त्या दोघांत सत्ता कुणाकडे आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि तो उमटू द्यायचा की नाही हेही ठरतं.

आता डार्विन आणि अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा. भाव सगळ्या मानवजातीत सारखे आहेत का, हे डार्विनला तपासायचं होतं. ते सारखे निघाले तर सगळे मानववंश एकाच पूर्वजाचे हे अधिक भक्कम होणार होतं. त्या काळी मानववंशांची मुळं वेगळी असल्याचं सांगून गुलामगिरीचं समर्थन करणारे लोक होते, म्हणून हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. १८६७ साली त्याने १६ प्रश्नांचं एक पत्रक जगभर पाठवलं. मिशनरी, अधिकारी, डॉक्टर, व्यापारी, सगळ्यांना. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड विस्फारतात का, भुवया वर जातात का? लाजल्यावर चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? त्याने एक फार शहाणी सूचनाही दिली होती. आठवणीवर विसंबून लिहू नका, अशा बाबतीत आठवण फसवते. प्रत्यक्ष पाहा आणि मग लिहा. उत्तरं आली ३६.

त्यांतलं एक आपल्याकडचं होतं. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून एच. अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी डार्विनसाठी इथल्या माणसांचे चेहरे काळजीपूर्वक न्याहाळले. त्यांनी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळवली, काही जाणत्या एतद्देशीय गृहस्थांनाही विचारलं. आणि तरी डार्विनने प्रस्तावनेत नोंदवलं आहे की अर्स्किन यांना खात्रीलायक निष्कर्षापर्यंत पोचणं फार जड गेलं, कारण युरोपियनांसमोर आपल्या सगळ्या भावना झाकून ठेवायची इथल्या लोकांना सवय होती.

डार्विनच्या दृष्टीने ही एक अडचण होती. त्याने ती प्रामाणिकपणे लिहिली आणि तो पुढे गेला. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातले जे. स्कॉट यांच्याकडून त्याला भरपूर तपशील मिळाले, ते त्याने वापरले. माझ्या मते मात्र नगरकडून आलेलं हे उत्तर हीच मोठी माहिती होती. साहेबासमोर उभा राहिलेला तो माणूस काय करत होता? कुठला चेहरा कुणापुढे न्यावा आणि कुठला घरी ठेवावा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सारा भरायचा आहे, सावकाराचं खत डोक्यावर आहे, दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा कधी येईल सांगता येत नाही, आणि समोर त्याच सरकारचा माणूस उभा राहून आपल्या तोंडाकडे टक लावून बघतो आहे. अशा वेळी कोरा चेहरा हेच शहाणपण. ग्रंथ १८७२ साली निघाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी ठिणगी पडली आणि पुणे-अहमदनगरच्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या हिसकावून जाळल्या. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. ज्या चेहऱ्यांवर काही दिसत नव्हतं, त्यांच्यामागे काय साठलं होतं ते त्या उन्हाळ्यात दिसलं. पन्नास वर्षांनी बाबूराव पेंटरांनी त्याच दुःखाला पडद्यावर चेहरा दिला, तेव्हा तो झाकायचं कारण उरलं नव्हतं. अंधाऱ्या थिएटरात सगळे आपलेच होते.

भाव लपवणं ही माणसाचीच खासियत, असं आपण समजत असू तर तेही दुरुस्त करावं लागेल. नेदरलँड्समधल्या आर्नहेम प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचा एक मोठा समूह आहे. फ्रान्स डी वाल यांनी १९८२ साली त्यांच्या राजकारणावर पुस्तक लिहिलं. त्यात लाउट नावाच्या नराचा एक प्रसंग आहे. निकी हा त्याचा प्रतिस्पर्धी. लाउट त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मागून निकीचा हुंकार ऐकू आला आणि लाउटचे दात उघडे पडले. ही भीतीची खूण. निकीने ती पाहिली असती तर बाजी गेलीच होती. लाउटने बोटांनी ओठ दाबून दातांवर ओढले. दात पुन्हा दिसले, त्याने पुन्हा ओठ दाबले. तिसऱ्यांदा ते जमलं. मग तो वळला आणि ताठ उभा राहून निकीला सामोरा गेला.

या प्रसंगात दोन गोष्टी एकदम दिसतात. भाव आपोआप उमटतो, आणि कुणीतरी आतून तो आवरतो. माणसाच्या मेंदूत या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, हे रुग्णांवरून कळतं. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, दात दाखवा. चेहऱ्याची एकच बाजू हलते, दुसरी लोंबत राहते. इतक्यात नातवंड खोलीत येतं, काहीतरी बोबडं बोलतं, आणि आजोबांच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी हसू पसरतं. घरच्यांना वाटतं चमत्कार झाला. चमत्कार नसतो. हुकमाने हलवण्याचा रस्ता मेंदूच्या वरच्या थरातून येतो, तो तुटलेला असतो. आपोआप हसण्याचा रस्ता खोलवरच्या, जुन्या भागांतून येतो, तो शाबूत असतो. पार्किन्सनच्या आजारात उलट होतं. सांगितलं तर हसता येतं, पण आपसूक येणारं हसू आटतं, आणि घरचे म्हणतात, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. त्यांना सगळं वाटत असतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचा हिशेब मांडू नका.

आपल्या नाट्यशास्त्राने ही दुहेरी रचना किती बारकाईने टिपली होती याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. भरताने दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले, भुवयांच्या हालचाली ७, नाकाच्या ६, गालांच्या ६, खालच्या ओठाच्या ६. नटाने हे हुकमाने शिकायचं. पण त्याचबरोबर घाम, रोमांच, कंप, अश्रू, रंग उडणं अशा ८ सात्त्विक भावांचा वर्ग त्याने वेगळा काढला, कारण हे नुसत्या सरावाने येत नाहीत, त्यासाठी मन तिथे असावं लागतं. चेहऱ्याच्या रंगाचेही ४ प्रकार आहेत: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या हालचाली स्नायूंप्रमाणे नोंदवण्याची पद्धत तयार केली. ती पुढे २००७ मध्ये चिंपांझींसाठी आणि २०१० मध्ये ऱ्हीसस माकडांसाठी बसवण्यात आली. आजचे संशोधक तिच्यामुळे माणूस आणि माकड एकाच मापाने मोजू शकतात. पण चेहऱ्याचे तुकडे करून त्यांची यादी बांधण्याची दृष्टी भरताकडे होती, आणि एक पाऊल पुढे जाऊन पाहणाऱ्या प्रेक्षकालाही त्याने शास्त्रात जागा दिली होती.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. माणसाच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मोठा आणि स्वच्छ दिसतो, त्यामुळे नजर कुठे वळली ते लांबून कळतं. बहुतेक माकडांत तो भाग गडद असतो. एकमेकांची नजर ओळखून मिळून काम करणाऱ्या प्राण्याला हे सोयीचं पडलं, असा एक सिद्धान्त आहे. अलीकडे काही चिंपांझी आणि बोनोबोंतही फिकट डोळे आढळल्यामुळे त्यावर वाद चालू आहे. या कोल्हापूरच्याच शांतारामबापूंनी १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. पांढऱ्यात फिरणारं ते बुबुळ प्रेक्षकांना का धरून ठेवतं, याचं उत्तर शोधणाऱ्याला प्राणिशास्त्राच्या विभागात यावं लागेल.

मग चेहरे सगळीकडे सारखे की नाहीत? एकमन १९६० च्या दशकाअखेर न्यू गिनीच्या फोरे लोकांत गेले आणि सारखेपणाचा पुरावा घेऊन आले. या गावाला जवळचा वाटेल असा एक पुरावा कुस्तीच्या भावंडाचा, ज्यूदोचा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्यूदोपटूंच्या चेहऱ्यांची तुलना झाली. जन्मापासून अंध असलेल्या, कधीही कुणाचा चेहरा न पाहिलेल्या मल्लांचे जिंकल्या-हरल्या क्षणीचे चेहरे डोळस मल्लांसारखेच निघाले. अंतिम लढत हरलेले रौप्यपदक घेताना फक्त ओठांनी हसले, डोळ्यांपर्यंत ते पोचलं नाही. आणि अंध मल्लांचंही तेच. खासबागेत हरलेला पैलवान विजेत्याचा हात वर करतो तेव्हाचं त्याचं तोंड आठवून बघा.

पण दुसरी बाजूही भक्कम आहे. ट्रोब्रियंड बेटांवरच्या मुलांना आपण ज्याला घाबरलेला चेहरा म्हणतो तो दाखवला, तेव्हा त्यांनी तो धमकावणारा म्हणून ओळखला. २०१९ साली अमेरिकेतल्या लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो ते सरासरी ३० टक्क्यांच्या आसपासच, असं त्यात निघालं. म्हणजे बहुतेक राग आठ्यांवाचून असतो, आणि बहुधा बऱ्याच आठ्या रागावाचून. खोटं बोलणारा नुसतं पाहून-ऐकून ओळखण्याचं म्हणाल तर शेकडो प्रयोग एकत्र करून आलेला आकडा १०० पैकी ५४ आहे. नाणं उडवून ५० मिळतात.

माझं स्वतःचं मत असं आहे. स्नायू, मज्जातंतू आणि त्यांच्या काही जुळण्या आपल्याला वारशाने मिळाल्या, आणि तो वारसा माकडांशी सामाईक आहे. त्या जुळण्या कुणासमोर वापरायच्या, हे मात्र समोरचा कोण यावर ठरतं. हेही माकडांशी सामाईक आहे. म्हणून चेहरा हा पुरावा म्हणून वापरणं धोक्याचं, आणि दुबळ्याचा चेहरा बलवानाने पुरावा म्हणून वापरणं तर सर्वांत धोक्याचं. डार्विनच्या पत्रकातला १५ वा प्रश्न होता, अपराधी, लबाड किंवा मत्सरी चेहरा ओळखता येतो का? आणि त्यालाच जोडून त्याने लिहिलं होतं की या चेहऱ्यांची व्याख्या कशी करायची ते मला माहीत नाही. जगातल्या सर्वांत बारीक निरीक्षकाला जे माहीत नव्हतं, ते माहीत असल्याचा दावा करून आज यंत्रं विकली जात आहेत. वर्गातला मुलगा लक्ष देतो का, कामगार खूश आहे का, मुलाखतीला आलेला उमेदवार खरं बोलतो का, हे कॅमेरा सांगेल म्हणतात. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या अशा यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. २ फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. कॅमेऱ्यासमोर आपला विद्यार्थी, आपला कामगार काय करेल? नगरच्या शेतकऱ्याने केलं तेच करेल. आणि यंत्र त्या कोऱ्या चेहऱ्याला ‘उदासीन’ असा शेरा मारून मोकळं होईल. अर्स्किन यांनी निदान निष्कर्ष काढता येत नाही असं कळवलं होतं.

या सभागृहात शिक्षक आहेत, संस्थाचालक आहेत, वकील आहेत, पोलीस खात्यातले अधिकारी आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे. चेहरा पडला म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवू नका, नजर खाली गेली म्हणून कुणाला खोटारडा म्हणू नका. शंका आली तर विचारा, आणि समोरच्याला न घाबरता उत्तर देता येईल अशा रीतीने विचारा. आणि भावना ओळखणारे कॅमेरे वर्गात बसवण्याचा ठराव तुमच्या संस्थेपुढे आला, तर त्याच्या विरोधात मत द्या.